बॅरिमोरमध्ये परतलेलं ‘अ रेझिन इन द सन’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोरेन हॅन्सबेरी यांचं ‘अ रेझिन इन द सन’ 2014 साली न्यूयॉर्कच्या एथेल बॅरिमोर थिएटरमध्ये नव्या संचात आलं. ते नाटक, त्याची लेखिका, ती वास्तू आणि तो संच यांबद्दलचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरांमध्ये कथानक शेवटापर्यंत सांगितलेलं आहे. नाटक आधी कोरं वाचायचं असेल तर गोष्टीबद्दलचा, संचाबद्दलचा आणि शेवटाबद्दलचा असे तीन प्रश्न तूर्त ओलांडून पुढे जा.

हा नेमका कोणता प्रयोग?

हॅन्सबेरींचं हे रंगमंचावर आलेलं पहिलं नाटक. ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मुख्य व्यावसायिक रंगभूमीवर, त्याचा पहिला प्रयोग 11 मार्च 1959 रोजी झाला, तोही बॅरिमोरमध्येच. त्यानंतर 55 वर्षांनी, 3 एप्रिल 2014 रोजी, त्याच रंगमंचावर ते पुन्हा उभं राहिलं. दिग्दर्शक केनी लिऑन, वॉल्टर ली या प्रमुख पात्राच्या भूमिकेत डेन्झेल वॉशिंग्टन. प्रयोग मर्यादित मुदतीचेच ठरले होते, ते 15 जून 2014 रोजी संपले.

3 एप्रिलला सुरू झालं म्हणता, पण लोक तर मार्चमध्येच पाहून आले होते?

हो, 8 मार्चपासून प्रिव्ह्यू सुरू होते. ब्रॉडवेवर अधिकृत शुभारंभाच्या आधी काही आठवडे तिकीट लावून प्रयोग होतात. रात्री प्रयोग, दिवसा तालीम आणि दुरुस्त्या, असं चालतं. प्रेक्षक कुठे हसतो, कुठे चुळबुळ करतो ते पाहून गती आणि हालचाली बदलल्या जातात. समीक्षक शेवटच्या काही प्रिव्ह्यूंना येऊन जातात, पण परीक्षण छापतात ते शुभारंभाच्या रात्री. एकदा शुभारंभ झाला की नाटक गोठवतात, मग त्यात सहसा बदल नाही.

नाटकाची गोष्ट काय आहे?

शिकागोच्या साऊथ साइडमधलं भाड्याचं लहान घर. त्यात कृष्णवर्णीय यंगर कुटुंबातली पाच माणसं : विधवा लीना, तिचा मुलगा वॉल्टर ली, सून रूथ, मुलगी बेनीथा आणि नातू ट्रॅव्हिस. ट्रॅव्हिस बैठकीच्या खोलीतल्या सोफ्यावर झोपतो. संडास-बाथरूम बाहेर पॅसेजमध्ये, शेजाऱ्यांबरोबर सामायिक, त्यामुळे सकाळी नंबर लावावा लागतो. स्वयंपाकघराला एकच बारीक खिडकी. तिच्यातून येईल तेवढाच उजेड, आणि त्या उजेडावर लीनाने जगवलेलं कुंडीतलं एक रोपटं. चाळीत वाढलेल्या माणसाला हा पहिला प्रवेश समजावून सांगावा लागत नाही.

लीनाचा नवरा राबून राबून गेला आहे आणि त्याच्या विम्याचा दहा हजार डॉलरचा चेक येणार आहे. वॉल्टर एका गोऱ्या मालकाच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. त्याला भागीदारीत दारूचं दुकान टाकायचं आहे. बेनीथाला डॉक्टर व्हायचं आहे. रूथला दिवस गेले आहेत, पण या घरात आणखी एक जीव कुठे ठेवायचा या विवंचनेत ती गर्भपाताची बोलणी करून, पाच डॉलर आगाऊ देऊन आली आहे.

लीना साडेतीन हजार डॉलर भरून क्लायबर्न पार्क या गोऱ्यांच्या वस्तीत घर घेते. कृष्णवर्णीयांसाठी बांधलेली घरं फार लांब आहेत आणि जवळपास दुप्पट महाग आहेत, म्हणून. उरलेले साडेसहा हजार ती वॉल्टरच्या हाती देते आणि सांगते, यातले तीन हजार बहिणीच्या शिक्षणासाठी बँकेत टाक. तो सगळेच दुकानात घालतो आणि भागीदार विली हॅरिस ते घेऊन पसार होतो. दरम्यान नव्या वस्तीच्या समितीतर्फे कार्ल लिंडनर नावाचा गृहस्थ घरी येतो. आवाज न चढवता, अतिशय अदबीने तो सांगतो की तुम्ही आमच्यात येऊ नका, घर आम्हाला विका, तुम्हाला नफा होईल अशी किंमत देतो.

ही लेखिकेच्या स्वतःच्या घरची गोष्ट आहे का?

अर्धी. आणि हा अर्धा भाग ठाऊक नसेल तर नाटक फक्त ‘स्वप्नांचं नाटक’ म्हणून वाचलं जातं, जसं ते कित्येक वर्षं वाचलं गेलं.

हॅन्सबेरींचा जन्म 19 मे 1930 चा, शिकागोतला. वडील कार्ल हॅन्सबेरी जमीनजुमल्याच्या धंद्यात होते आणि सुस्थितीत होते. 1937 साली त्यांनी साऊथ ऱ्होड्स अ‍ॅव्हेन्यूवर, गोऱ्यांच्या वस्तीत, घर विकत घेतलं. त्या भागातल्या मालकांनी आपसात करार केलेला होता की कृष्णवर्णीयांना घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, राहू द्यायचं नाही. असे करार तेव्हा शिकागोत भराभर झालेले होते आणि कोर्ट ते मान्य करत असे. शेजाऱ्यांनी हॅन्सबेरी कुटुंबाला बाहेर काढण्यासाठी दावा लावला. घरावर चालून आलेल्या जमावाने दगडविटा फेकल्या. लोरेन तेव्हा शाळकरी मुलगी होती. शाळेत जाता-येता लोक शिव्या द्यायचे, अंगावर थुंकायचे. वडील कोर्टकचेरीसाठी दूर असताना आई रात्र रात्र भरलेलं पिस्तूल घेऊन घरात पहारा देत असे, हे पुढे हॅन्सबेरींनी स्वतःच लिहून ठेवलं आहे.

प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 12 नोव्हेंबर 1940 रोजी ‘हॅन्सबेरी विरुद्ध ली’ या खटल्याचा निकाल कुटुंबाच्या बाजूने लागला. निकाल मात्र तांत्रिक मुद्द्यावर होता. करार लागू व्हायला रस्त्यालगतच्या 95 टक्के जागेच्या मालकांच्या सह्या हव्या होत्या, प्रत्यक्षात होत्या जेमतेम 54 टक्क्यांच्या. तरीही आधीच्या एका खटल्यात तो करार वैध धरला गेला होता. त्या खटल्यात हॅन्सबेरी कुटुंबाची बाजू कोणी मांडलीच नव्हती, म्हणून तो निकाल त्यांच्यावर बंधनकारक नाही, एवढंच न्यायालयाने म्हटलं. असे करार मुळातच चूक आहेत, हे म्हणायला ते धजावलं नाही. कोर्टाकरवी त्यांची अंमलबजावणी बंद व्हायला 1948 साल उजाडावं लागलं, आणि घराच्या बाबतीत वंशभेद करायला मनाई करणारा केंद्रीय कायदा आला तो 1968 साली. कार्ल हॅन्सबेरी यांनी यातलं काहीच पाहिलं नाही. अमेरिकेला विटून मेक्सिकोत जाऊन राहायच्या तयारीत असताना 1946 साली तिथेच त्यांचं निधन झालं.

आता उरलेली अर्धी बाजू. यंगर कुटुंब गरीब आहे, हॅन्सबेरी कुटुंब नव्हतं. कार्ल हॅन्सबेरींचा धंदाच मुळी मोठ्या फ्लॅटचे तुकडे करून, प्रत्येक तुकड्यात छोटं स्वयंपाकघर बसवून ते भाड्याने द्यायचा होता. यंगर कुटुंब ज्या कोंदट खोल्यांत राहतं, तशाच खोल्या लेखिकेचे वडील भाड्याने देत. मालकाच्या मुलीने नाटक लिहिलं ते भाडेकरूंच्या बाजूने. हे धैर्य मला कोर्टातल्या लढाईइतकंच मोठं वाटतं.

1959 मध्ये हे नाटक ब्रॉडवेवर पोचलं तरी कसं?

फार कष्टाने. निर्माते फिलिप रोझ यांना पैसे उभे करायला वर्षाहून जास्त काळ लागला. कृष्णवर्णीय कुटुंबाचं गंभीर नाटक, लेखिका अनोळखी आणि विशीतली, दिग्दर्शक लॉइड रिचर्ड्स हेही कृष्णवर्णीय. बड्या गुंतवणूकदारांनी पाठ फिरवली, मग लहान लहान रकमा देणारे पुष्कळ लोक गोळा केले. तेवढ्यावरही न्यूयॉर्कमध्ये थिएटर मिळेना. न्यू हेवन आणि फिलाडेल्फिया इथले प्रयोग गाजले, तेव्हा कुठे ब्रॉडवेची दारं उघडली. मध्ये शिकागोतही प्रयोग झाले.

शुभारंभाच्या रात्री टाळ्या थांबेनात, तेव्हा वॉल्टरचं काम करणारे सिडनी पॉटिए प्रेक्षागृहात उतरले आणि हॅन्सबेरींना हात धरून रंगमंचावर घेऊन आले. त्या तेव्हा 28 वर्षांच्या होत्या. कृष्णवर्णीय स्त्रीने लिहिलेलं नाटक ब्रॉडवेवर होण्याची ती पहिलीच वेळ. न्यूयॉर्कच्या नाट्यसमीक्षकांच्या मंडळाने त्या हंगामातलं उत्कृष्ट अमेरिकन नाटक म्हणून त्याची निवड केली. लीना क्लॉडिया मॅकनील यांनी, रूथ रूबी डी यांनी, तर बेनीथा डायाना सँड्स यांनी केली होती. ऑक्टोबर 1959 मध्ये नाटक बेलास्को थिएटरमध्ये हललं आणि एकूण 530 प्रयोग झाले.

बॅरिमोर थिएटर ऐतिहासिक का मानतात?

47 व्या रस्त्यावरचं हे थिएटर 20 डिसेंबर 1928 रोजी उघडलं. थिएटरमालक शुबर्ट बंधूंनी ते त्या काळच्या थोर अभिनेत्री एथेल बॅरिमोर यांच्यासाठी बांधलं आणि त्यांच्याच नाटकाने त्याचा पडदा पहिल्यांदा वर गेला. वास्तुरचनाकार हर्बर्ट क्रॅप. ब्रॉडवेवरच्या कितीतरी थिएटरांचे आराखडे याच माणसाचे आहेत. दर्शनी भागावर टेराकोटाची प्रचंड जाळी आहे, प्राचीन रोममधल्या स्नानगृहांच्या खिडक्यांवरून सुचलेली. ब्रॉडवेवर थिएटरची नावं सर्रास बदलतात, याचं मात्र कधीच बदललेलं नाही.

आत हजाराच्या थोड्या वर खुर्च्या आहेत. संगीतिकांच्या मानाने ही जागा लहान, पण संवादांच्या नाटकाला अगदी नेमकी. 1947 साली टेनेसी विल्यम्स यांचं ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ इथेच पहिल्यांदा झालं, एलिया कझान यांच्या दिग्दर्शनाखाली. मार्लन ब्रँडो नावाचं वादळ इथूनच उठलं. विजय तेंडुलकरांनी मराठीत ‘वासनाचक्र’ म्हणून आणलेलं नाटक ते हेच.

जागेच्या किमती एवढ्या वाढल्या, तरी ते पाडलं कसं गेलं नाही?

पाडापाडीचा धडा न्यूयॉर्कने आधीच घेतला होता. 1982 साली टाइम्स स्क्वेअरमध्ये एका हॉटेलसाठी पाच जुनी थिएटरं जमीनदोस्त झाली. नट, दिग्दर्शक, नाटककार रस्त्यावर उतरले, अटका झाल्या, तरी ती वाचली नाहीत. पण त्या संतापातून ब्रॉडवेची बाकीची थिएटरं वारसा वास्तू म्हणून नोंदवण्याची मोहीम सुरू झाली. बॅरिमोरचा दर्शनी भाग आणि अंतर्भाग दोन्ही 1987 साली संरक्षित झाले. आता शहराच्या वारसा आयोगाला विचारल्याशिवाय तिथल्या संरक्षित भागाला हात लावता येत नाही.

त्याच थिएटरात परत येण्याने नाटकात काय फरक पडतो?

भिंतींमुळे अभिनय सुधारत नाही, हे खरंच. तरी मला हा योग महत्त्वाचा वाटतो तो दोन कारणांनी. पहिलं कारण मापाचं. हे नाटक एका कोंदट खोलीत घडतं. थिएटर अवाढव्य असेल तर ती खोली एक तर विनाकारण मोठी करावी लागते किंवा रिकाम्या अंधारात हरवते. रिचर्ड्स यांनी 1959 साली ज्या मापात ती बसवली, तेच माप लिऑन यांना मिळालं.

दुसरं कारण नाटकाच्या विषयाचं आहे. तुमच्यासारख्यांनी कुठे राहावं आणि कुठे राहू नये, हा यातला भांडणाचा मुद्दा. ज्या नाटकाला न्यूयॉर्कमध्ये जागा मिळत नव्हती, ते पुढे सन्मानाने आपल्या पहिल्या पत्त्यावर आलं, ही घटना नाटकाच्या आशयाशी जोडलेली आहे. ही केवळ वर्धापनदिनाची हौस होती असं मला वाटत नाही.

2014 च्या संचात कोण कोण होतं?

लीना – लटान्या रिचर्डसन जॅक्सन. रूथ – सोफी ओकोनेडो. बेनीथा – अनिका नोनी रोझ. ट्रॅव्हिस – ब्राइस क्लाइड जेंकिन्स. नायजेरियन विद्यार्थी असागाई – शॉन पॅट्रिक थॉमस. श्रीमंत घरातला जॉर्ज मर्चिसन – जेसन डर्डन. बोबो – स्टीफन मकिन्ली हेंडरसन. लिंडनर – डेव्हिड क्रोमर, जे स्वतः नामवंत दिग्दर्शक आहेत. नेपथ्य मार्क थॉम्पसन, वेशभूषा अ‍ॅन रॉथ, प्रकाशयोजना ब्रायन मॅकडेव्हिट.

लीनाची भूमिका आधी डायहान कॅरल करणार होत्या. तालमी आणि आठवड्याचे आठ प्रयोग हे वेळापत्रक झेपणारं नाही म्हणून त्या बाजूला झाल्या आणि लटान्या जॅक्सन अगदी थोड्या अवधीत उभ्या राहिल्या. हेंडरसन यांचा बोबो रंगमंचावर काही मिनिटंच असतो. पैसे बुडाल्याची बातमी घेऊन तो येतो. दारात उभ्या असलेल्या त्या माणसाच्या तोंडून शब्द फुटत नाहीत आणि वॉल्टर त्याला बोलतं करायची घाई करत असतो. नाटकाचा सगळा डोलारा या छोट्या प्रवेशावर तोललेला आहे, आणि तिथे हेंडरसन यांच्यासारखा मुरलेला नट घेणं ही लिऑन यांची जाण दाखवते.

डेन्झेल वॉशिंग्टन या भूमिकेसाठी वयाने फार मोठे नव्हते का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि तो रास्त आहे. संहितेत वॉल्टर 35 वर्षांचा आहे. वॉशिंग्टन तेव्हा 59 चे होते. त्यांची आई झालेल्या लटान्या जॅक्सन त्यांच्याहून पाचेक वर्षांनीच मोठ्या. या प्रयोगासाठी वॉल्टरचं वय संवादात 40 करून घेतलं होतं.

याने काही गोष्टी हातच्या गेल्या. पस्तिशीतल्या माणसाचा उतावळेपणा वेगळा असतो, आयुष्य अजून पकडीत येईल अशी त्याला खात्री असते. लीना मुलाच्या हाती पैसे देते तेव्हा ती त्याला पहिल्यांदा ‘मोठा’ करते. समोर साठीला टेकलेला नट असेल तर प्रेक्षकाला ही गोष्ट मनाशी जुळवून घ्यावी लागते.

पण काही गोष्टी हातीही लागल्या. वय वाढलं की वॉल्टरच्या अगतिकतेला धार येते, कारण दुसरी संधी मिळणार नाही हे त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. इतकी वर्षं दुसऱ्याच्या गाडीचं दार उघडण्यात गेलेल्या माणसाचा थकवा तरुण नटाला आणावा लागतो. शिवाय वॉशिंग्टन काही पाहुणे कलाकार म्हणून रंगभूमीवर आलेले नव्हते. 2010 साली लिऑन यांच्याच दिग्दर्शनात ऑगस्ट विल्सन यांच्या ‘फेन्सेस’साठी त्यांना टोनी, म्हणजे ब्रॉडवेचा सर्वोच्च पुरस्कार, मिळालेला होता. आणि या प्रयोगाचं मोठेपण असं की तो एका ताऱ्याभोवती फिरला नाही. कुटुंबाचं नाटक कुटुंबाचंच राहिलं. रूथच्या गप्प राहण्यातून, इस्त्री करण्यातून, दमून खुर्चीत बसण्यातून ओकोनेडो यांनी जे उभं केलं ते कित्येकांना मुख्य भूमिकेइतकं लक्षात राहिलं. वयाचा आक्षेप मान्य करूनही मी हा प्रयोग वॉशिंग्टन यांच्यासह पत्करीन.

नाटक सुरू होण्याआधी प्रेक्षागृहात कोणाचा आवाज लावत?

खुद्द लोरेन हॅन्सबेरींचा. 1959 साली शिकागोचे प्रसिद्ध मुलाखतकार स्टड्स टर्केल यांनी त्यांची मुलाखत घेतली होती, तिचं ध्वनिमुद्रण लोक जागेवर बसत असताना ऐकू येई. दिग्दर्शकाच्या सगळ्या निर्णयांमध्ये मला हा सर्वांत मोलाचा वाटतो. लोक तिकीट काढतात वॉशिंग्टन यांच्या नावावर, पण त्यांच्या कानावर पहिला आवाज पडतो तो लेखिकेचा, त्या अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांच्या मुलीचा, स्पष्ट आणि ठाम. आपण काय लिहिलंय हे तिला पक्कं ठाऊक आहे. गाजलेलं नाटक वर्षानुवर्षं शाळा-कॉलेजात लागलेलं असलं की लेखक पुसट होत जातो आणि ‘कुटुंबाची हृदयस्पर्शी कहाणी’ एवढंच मागे राहतं. इथे लेखिका विचारांसकट परत आली.

शीर्षक कुठून आलं?

लँग्स्टन ह्यूज यांच्या 1951 सालच्या ‘हार्लेम’ या कवितेतून. लांबणीवर पडलेल्या स्वप्नाचं पुढे काय होतं, असं ही कविता विचारते आणि एकामागून एक शक्यता मांडत जाते. उन्हात सुकलेला मनुका ही त्यातली एक.

शेवट सुखाचा आहे, असं का म्हणतात? खरंच तसा आहे का?

म्हणतात, कारण वरवर पाहता सगळं जुळून येतं. पैसे बुडाल्यावर वॉल्टर लिंडनरला बोलावणं पाठवतो. अपमान गिळायचा आणि पैसे घ्यायचे, हे त्याने ठरवलेलं असतं. घरच्यांसमोर तो लाचार माणसाचं सोंग गुडघे टेकून करूनही दाखवतो. लिंडनर येतो. लीना ट्रॅव्हिसला बाहेर पाठवू देत नाही, तू काय करतोयस ते याला समजू दे, असं वॉल्टरला सांगत त्याला तिथेच उभा करते. आणि मुलाच्या देखत वॉल्टरच्या तोंडून दुसरंच निघतं : हे घर माझ्या बापाने वीट वीट करून मिळवलंय, आम्ही तिथेच राहायला येतोय. सामान खाली जातं. लीना शेवटची निघते, आणि विसरलेली कुंडी घ्यायला परत येते.

पडदा इथे पडतो. पण हे लोक चाललेत कुठे? ज्या वस्तीत विटा येतात तिथे. दहा हजारांतले साडेसहा गेलेत, बेनीथाच्या कॉलेजची फी नाही, रूथच्या पोटात मूल आहे, आणि दारी आलेला लिंडनर जाताना बजावून गेलाय की तुम्ही कशात पाऊल टाकताय ते तुम्हाला कळत असेल अशी आशा आहे. ज्याला हा शेवट सुखाचा वाटतो त्याने यंगर मंडळी चाललीत त्या वस्तीत येऊन राहून पाहावं, अशा अर्थाचं उत्तर हॅन्सबेरींनी स्वतःच दिलं होतं. तिथे काय होतं ते त्या आठव्या वर्षी पाहून बसल्या होत्या. वॉल्टरने मिळवला तो स्वाभिमान, सुरक्षितता नाही. या दोहोंत गल्लत करणारा प्रयोग नाटकाला गोडबोलं करून टाकतो.

संहिता पूर्ण खेळली जाते का?

प्रत्येक प्रयोगात नाही. 1959 साली काही भाग गाळले होते. आगाऊ शेजारीण मिसेस जॉन्सन हिचा प्रवेश आणि बेनीथा केस सरळ करायचं सोडून नैसर्गिक ठेवते तो प्रसंग, हे त्यातले मुख्य. पुढच्या छापील आवृत्त्यांत ते परत आले. वाचायला घ्याल तर ही पूर्ण संहिता शोधा. मिसेस जॉन्सन हसवता हसवता गोऱ्या वस्तीत शिरलेल्यांच्या घरावर बॉम्ब पडल्याची बातमी देते, आणि वर सांगितलेल्या शेवटाचा अर्थ तिथेच पक्का होतो.

2004 मध्ये हे नाटक येऊन गेलं होतं. दहाच वर्षांत पुन्हा कशाला?

तो प्रयोगही लिऑन यांचाच, रॉयल थिएटरमध्ये. वॉल्टर झाले होते रॅप गायक शॉन कोम्ब्स. त्यांच्या अभिनयाबद्दल समीक्षक फारसे खूश नव्हते, पण त्यांच्यामुळे नाटकाकडे एरवी न फिरकणारा प्रेक्षक मोठ्या संख्येने आला. आणि लीना झालेल्या फिलिशिया रशाद यांना टोनी मिळाला. गद्य नाटकातल्या मुख्य अभिनेत्रीचा हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय अभिनेत्री. रूथच्या भूमिकेसाठी ऑड्रा मॅकडोनाल्ड यांनाही मिळाला. एकूण तो आयांचा आणि बायकांचा प्रयोग ठरला. वॉल्टरच्या बाजूने तोल भरून काढायला लिऑन पुन्हा या संहितेकडे वळले असावेत, असा माझा कयास आहे.

पुरस्कार किती मिळाले?

2014 साली टोनीची पाच नामांकनं आणि तीन पुरस्कार : उत्कृष्ट पुनरुज्जीवित नाटक, उत्कृष्ट दिग्दर्शन आणि सहायक अभिनेत्री म्हणून ओकोनेडो. लटान्या जॅक्सन आणि अनिका नोनी रोझ यांची नामांकनं होती. वॉशिंग्टन यांचं नव्हतं.

ओबामा दांपत्य हे नाटक पाहायला गेलं होतं, हे खरं का?

हो, एप्रिल 2014 मध्ये. मिशेल ओबामा मूळच्या शिकागोच्या साऊथ साइडच्याच.

मराठी वाचकाचा याच्याशी काय संबंध?

घर नाकारलं जाण्याची गोष्ट आपल्याला परकी नाही. कोलंबिया विद्यापीठातून, म्हणजे याच न्यूयॉर्क शहरातून शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1917 साली बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत आश्रय घेतला, तर लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने तिथून हुसकलं. हातात परदेशी पदवी, सरकारी नोकरी, आणि डोक्यावर छप्पर नाही. ही हकिकत बाबासाहेबांनी स्वतः लिहिली आहे. ती आणि हे नाटक पाठोपाठ वाचावीत असं मी आग्रहाने सांगेन.

धागे आणखीही आहेत. बाबासाहेबांनी 1946 साली कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला होता. हॅन्सबेरी पुढे याच द्यू बॉइस यांच्या वर्गात शिकल्या. 1972 साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. जात आणि वंश यांची सरळ बरोबरी करू नये हे खरं, दोन्हींचा इतिहास वेगळा आहे. पण अदबीने बोलणारा, आमच्या सोसायटीचं वातावरण तसं नाही हो, असं समजावणारा लिंडनर मुंबई-पुण्यात घर शोधणाऱ्या कितीतरी लोकांना भेटलेला आहे. आडनाव ऐकून भेटलेला आहे, धर्म ऐकून भेटलेला आहे. म्हणूनच लिंडनर खलनायकासारखा रंगवला की मला नाटक फसल्यासारखं वाटतं. तो सभ्यच हवा.

आता हे कुठे पाहता येईल?

2014 चा संच आता पाहायला मिळणार नाही. पण 1961 चा चित्रपट आहे, दिग्दर्शक डॅनियल पेट्री. पटकथा हॅन्सबेरींचीच आणि मूळ संचातले बहुतेक नट त्यात आहेत. पॉटिए आणि क्लॉडिया मॅकनील समोरासमोर येतात ते प्रसंग आजही अंगावर येतात. 1989 साली अमेरिकेत टीव्हीसाठी केलेल्या आवृत्तीत डॅनी ग्लोव्हर आणि एस्थर रोल आहेत. 2004 च्या संचावरून लिऑन यांनीच केलेला दूरचित्रपट 2008 सालचा. एकच पाहणार असाल तर 1961 चा पाहा, आणि शक्य असेल तर आधी संहिता वाचा.

हॅन्सबेरींनी पुढे काय लिहिलं?

वेळच मिळाला नाही. दुसरं नाटक ‘द साइन इन सिडनी ब्रूस्टीन्स विंडो’ ऑक्टोबर 1964 मध्ये ब्रॉडवेवर आलं, तेव्हा त्या कर्करोगाने आजारी होत्या. जानेवारी 1965 मध्ये, 34 व्या वर्षी, त्या गेल्या आणि त्याच सुमारास ते नाटकही बंद झालं. आफ्रिकेतल्या वसाहतवादावरचं ‘ले ब्लाँ’ 1970 साली, त्यांच्या माघारी, रंगमंचावर आलं. ‘सिडनी ब्रूस्टीन’ 2023 साली ब्रॉडवेवर परतलं, ऑस्कर आयझॅक आणि रेचेल ब्रॉस्नहन यांच्यासह. एका नाटकाची लेखिका ही त्यांची ओळख आता तरी पुसावी.

बॅरिमोरमध्ये त्यानंतर काय झालं? न्यूयॉर्कला गेलो तर बघता येईल का?

2014 च्या संचातली माणसं या रंगमंचाकडे परत येत राहिली आहेत. 2022 साली ऑगस्ट विल्सन यांचं ‘द पियानो लेसन’ इथे झालं, ते दिग्दर्शित केलं लटान्या रिचर्डसन जॅक्सन यांनी. विल्सन यांचं नाटक ब्रॉडवेवर दिग्दर्शित करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. 2025 साली लिऑन आणि वॉशिंग्टन ‘ऑथेल्लो’ घेऊन इथेच आले. त्याची काही तिकिटं नऊशे डॉलरच्या वर गेली होती, आणि ते मला खटकलं. यंगर कुटुंबातल्या कोणालाही त्या दरात शेवटच्या रांगेतही बसता आलं नसतं.

थिएटर चालू आहे. ब्रॉडवे आणि आठव्या अ‍ॅव्हेन्यूच्या मध्ये, 243 वेस्ट 47 वा रस्ता. आत जायला चालू नाटकाचं तिकीट लागतं. त्या दिवशीची उरलेली तिकिटं काही नाटकांना सकाळी खिडकीवर स्वस्तात मिळतात, काहींना ऑनलाइन सोडत असते, तेव्हा त्या त्या नाटकाचे नियम आधी पाहून घ्या. तिकीट नाही मिळालं तरी रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवर उभं राहून ती टेराकोटाची जाळी नीट पाहता येते. संध्याकाळी, दिवे लागल्यावर जा.